आत्यानं विचारलं म्हणून

तात्या, आबा, जमलेल्या सगळ्या आयाबायांनो, नमस्कार. मी स्वाती. सुमनआत्याची भाची, सुप्याहून आलेय. आज तिचा दहावा. दोन शब्द बोलते. नाही बोलले तर ती रागवेल.

तुमच्या भवानीनगरात ती मोठ्या आवाजाची सुमनताई. उसाच्या बांधावरनं हाक मारली की पार रस्त्यापर्यंत ऐकू जायची. मला मात्र तिचा हळू आवाज आठवतो.

अकरावीला असताना मी गप्प झाले. झोप नाही, जेवण नाही. कबड्डी सोडली. आईशी भांडणंसुद्धा सोडली. घरात सगळे खूश! पोरगी शहाणी झाली म्हणाले. आवडता ड्रेस, घड्याळ, सगळं चुलतबहिणीला देऊन टाकलं, तर म्हणाले, किती मोठ्या मनाची.

भाऊबीजेला आत्या आली. दरवर्षी आमची जुंपायची. त्या दिवशी तिनं माझ्या चपात्यांना मुद्दाम नावं ठेवली. मी नुसती "व्हय आत्या" म्हणत राहिले. दुपारी तिनं मला गोठ्यामागं नेलं.

"स्वाते, माझ्याशी भांडली न्हाईस. काय दुखतंय तुला?"

मी म्हटलं, काही नाही.

मग तिनं सरळ विचारलं, "जीव नकोसा झालाय का?"

असं कोणी विचारतं का हो पोरीला? आत्यानं विचारलं. आणि मी म्हणाले, "व्हय."

ती ओरडली नाही. शपथा घातल्या नाहीत. पदरानं माझं तोंड पुसलं. म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. चल, दोघी मिळून वहिनीला सांगू."

दिवाळीची सुट्टी संपून दवाखाना उघडताच आम्ही तिघी बारामतीला गेलो, मनाच्या डॉक्टरांकडं. दर खेपेला एसटीत बाया विचारायच्या, कुठं निघालाय? मी मान खाली घालायचे. आत्या म्हणायची, "पोरीचं मन आजारी हाय. तुमच्या घरी सगळी नीट झोपत्यात न्हवं?" बाया खिडकीबाहेर बघायला लागायच्या. एकदा एकजण मात्र उठून आमच्याशेजारी बसली आणि हळूच दवाखान्याचा पत्ता विचारला.

बरं व्हायला खूप वेळ लागला. गोळ्या झाल्या, डॉक्टरांशी बोलणं झालं. आता मी कॉलेजात आहे आणि आईशी रोज भांडते.

मागं पोरं बसलीत. पोरांनो, जड झालं तर कुणाला तरी सांगा. आणि मोठ्यांनो, तुमच्या घरात कोण अचानक शहाणं झालंय, ते आज बघा. जवळ बसा. विचारा.

आता आत्यासाठी दोन मिनिटं शांत उभं राहू या.

आत्या, माझ्या दहाव्याला तू बसली असतीस गं. तू विचारलंस, म्हणून आज तुझ्या दहाव्याला मी उभी हाय.