सुरभीचे आधीचे गुण

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि संस्थेचे आधारवड माननीय किसनराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती इंद्रजीत सर, माझे सहकारी शिक्षक, घाटंजीहून आणि तांड्यांवरून आलेले पालक, आणि माझ्या मुलींनो,

माइकचा आवाज मीच कमी करायला लावला आहे. मागे ऐकू येत नसेल तर पुढे सरकून बसा. कारण शेवटी सांगते.

इंद्रजीत सर आपल्या मुलींची कबड्डी सोडून चालले आहेत. मी मराठीची बाई, म्हणून त्यांच्याविषयी चार गोड शब्द बोलायचं काम माझ्याकडे आलं. ते अवघड नाही. पोरींच्या पायात काटा रुतला तर स्वतः बसून काढणारा हा माणूस! पण गावात कुजबुज आहे, की सरांनी सुरभीचं वाटोळं केलं. ते माझ्याच्यानं ऐकवत नाही, म्हणून जरा कडू बोलते.

हंगामाआधी प्रत्येक खेळाडूची डोक्याची चाचणी होते. दहा शब्द ऐकून परत म्हणायचे, आकडे उलटे म्हणायचे. पुढे डोक्याला मार लागलाच तर तीच चाचणी पुन्हा. गुण घसरले की खेळ बंद. सोय चांगलीच आहे. पण शब्द कोणते? बोगदा, मखमल, कारंजे! सुरभी तांड्यावरची, घरी बंजाऱ्यांची गोरबोली. त्यात आपल्या वसतिगृहाचा नियम: इथे शुद्ध मराठीच बोलायची. त्या धाकानं पोरी अडल्या, की चुकीचं बोलण्यापेक्षा गप्प राहतात. सुरभीही गप्प राहिली, आणि कागदावर मंद ठरली. समोरच्या सात जणींचे पाय ध्यानात ठेवून चढाई करणारी पोर, मंद?

सरावात तिच्या कानशिलावर गुडघा बसला. पुन्हा चाचणी झाली, गुण तेवढेच आले. फोनवर लेकीशी बोलून तिची आई बसंतीबाई धावत आली. "सर, पोरगी एकच गोष्ट घडीघडी सांगून राह्यली. तिले खेळवू नका."

सर म्हणाले, "मावशी, गुण तर घसरले नाहीत."

घसरणार कुठून? ते आधीच तळाला होते. सरांना जसं शिकवलं होतं, तसंच त्यांनी केलं. नेरच्या सामन्यात सुरभी उतरली आणि दुसरा मार बसला.

आता तिला उजेड सोसत नाही. वाचता येत नाही. धाकट्या बहिणीचं नाव विसरते. नागपूरचे डॉक्टर आईला मध्ये बसवून गोरबोलीत विचारतात. ते म्हणाले, आधी हिच्या ध्यानात किती राहायचं ते सांगा, म्हणजे किती हरवलं ते कळेल. काय सांगायचं? धडधाकट होती तेव्हा तिला तिच्या बोलीत कोणी विचारलंच नाही. ती वेळ गेली.

अध्यक्ष महाराज, नव्या हंगामाची चाचणी तोंडावर आली आहे. प्रत्येक पोरीला तिच्या घरच्या बोलीत, घरच्या माणसासमोर विचारा. आणि वसतिगृहाचा तो शुद्ध मराठीचा नियम काढून टाका. सर गाडीत बसले म्हणजे दोषही त्यांच्याबरोबर गेला, असं आपण कोणी समजू नये.

आपण शांतपणे ऐकलंत, आभारी आहे. चुकलं-माकलं पोटात घाला.

आता ते कारण. सुरभी आली आहे. मागच्या दाराशी बसली आहे, आईच्या पदरानं डोळे झाकून. सर जाणार हे तिच्या ध्यानात राहिलं, म्हणून आली. मोठा आवाज तिच्या डोक्यात घुसतो.

सरांसाठी आज कोणी टाळ्या वाजवू नका.