न जमणाऱ्या कामांचा रकाना

वकिलांच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक शिंपीकाका आणि काकू बसले होते. काकांच्या उजव्या हाताची बोटं ताठ होती, आणि नुकसानभरपाईचा फॉर्म काकूंच्या मांडीवर होता.

“पुढचा प्रश्न. अपघातानंतर कोणती कामं जमत नाहीत?”

“लिही, काही नाही.”

“काही नाही? मग विमावाले भरपाई कशाची देणार? तुमच्या रुबाबाची?”

“अगं, चारचौघांत रडगाणं कशाला गायचं?”

“गाऊ नका, नुसतं सांगा. कात्री धरता येते?”

“येते की, डाव्या हाताने.”

“परवाच्या सदऱ्याची एक बाही वीतभर आखूड झाली, ती त्याच हाताने ना?”

“हल्ली तशी फॅशन आहे.”

“बरं. सुईत दोरा ओवता येतो?”

“तो दोष चष्म्याचा. अपघाताच्या आधीपासूनचा.”

“आणि शर्टाची बटणं?”

“लावलेली आहेत ना? बघ.”

“कोणी लावली?”

“तू. मी सांगितलं नव्हतं.”

“मग हे लिहू?”

“नको. तीस वर्षं गावाला बटणं लावून दिली मी. वकीलसाहेब हसतील.”

“हसू देत. त्यांच्याच कोटाचं एक बटण तुटलंय, मघाशी तुम्हीच दाखवलंत.”

“दिसलं म्हणून दाखवलं. दोन मिनिटांचं काम आहे ते.”

“मग आत गेल्यावर द्या लावून.”

काकांनी उजव्या हाताची ताठ बोटं मिटून पाहिली.

“लिही,” काका म्हणाले. “पण अक्षर बारीक काढ.”