चोवीस चित्रांनंतरचं दार

मंडळी, ऐका! पूर्वरंग झाला, गळ्यात हार पडला, कपाळाला बुक्का लागला. आता उत्तररंग, म्हणजे आख्यान. पण समजा मी इथेच उपरणं झटकलं आणि म्हणालो, "आख्यान पाहिजे असेल तर वेगळं तिकीट!" काय कराल? चपला शोधाल ना? आणि पायात घालायला नव्हे, हे मलाही कळतं!

हसू नका, प्रश्न गंभीर आहे. काल देवळाबाहेर एक इंजिनियर भेटला. म्हणाला, बुवा, मोबाइलवरचा, कॉम्प्युटरवरचा खेळ आम्ही पैसे मोजून घेतो. खेळत खेळत शेवटाशी येतो आणि कंपनी म्हणते, पुढचा भाग हवा तर अजून पैसे भरा. हे न्यायाचं आहे का? मी त्याला म्हटलं, उद्या सांगतो.

तर सांगतो. जास्तीचं मागितलं तर जास्तीचं द्यावं, यात वाद नाही! कारागिराने पुन्हा घाम गाळून नवं काही केलं, तर त्याची मजुरी त्याला मिळायलाच हवी. पण शिंप्याने सदरा शिवला, पुरा शिवला, आणि गिऱ्हाईक दारात आल्यावर कात्री घेऊन बाह्या कापल्या. म्हणाला, सदऱ्याचे पैसे वेगळे, बाह्यांचे वेगळे. याला मजुरी म्हणायचं का? नुसतं हो-नाही म्हणून हे कळायचं नाही. एका बाईची हकिगत ऐका. ती मला स्वतः भेटून सांगून गेली, नावं मात्र मी बदलली आहेत.

केतकी सामंत. माहेर कुडाळकडचं, नोकरी कोल्हापुरात. काम काय? खेळ बनवण्याचं. तुम्ही म्हणाल, खेळ बनवणं हे काय बाईमाणसाचं काम! अहो, तुमच्या घरातली चूल, मुलं, सासू आणि नवरा एका वेळी सांभाळणारीला कॉम्प्युटर काय जड आहे? चौदा माणसांची छोटी कंपनी, मालक अभिराम. वाईट माणूस नव्हे हं! डोक्यावर कर्ज घेऊन मराठीतला पहिला मोठा खेळ करतो म्हणून उभा राहिलेला. आधीचे दोन खेळ चांगले निघाले, हजारो लोकांनी खेळले. पण दहांतल्या नऊ जणांनी कुठून तरी चोरलेली फुकट प्रत खेळली. हे लक्षात ठेवा, मी पुन्हा तुमच्याकडे येणार आहे.

केतकीला कल्पना सुचली. तिच्या गावाजवळच्या वाडीत भिवाकाका ठाकर राहत. चित्रकथी. कागदावर रंगवलेली चित्रं, त्यांची पोथी. एक चित्र पुढे धरायचं, वीणा छेडायची, गायचं, सांगायचं, मग दुसरं. भिवाकाकांच्या घराण्याची स्वतःची एक कथा होती, तीस चित्रांची. केसर नावाची नावाडीण. तिचा भाऊ पुरात गेला. तर ही बाई रडत बसली नाही, होडी घेऊन नदीच्या तळाशी, नदीराजाच्या दारी भावाला परत मागायला निघाली! केतकीने ठरवलं, खेळ याच कथेचा करायचा. खेळणाऱ्याने होडी चालवायची, संकटं पार करायची आणि प्रत्येक चित्राला भिवाकाकांचा आवाज.

पण घाई होती. काकांच्या घशात गाठ निघाली होती. पंधरा दिवसांवर शस्त्रक्रिया. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, स्वरयंत्र काढावं लागेल, नंतर आवाज राहणार नाही. मंडळी, गाणाऱ्या माणसाला हे सांगितल्यावर तो काय करेल? काका म्हणाले, मग आधी हे चेडू, ही पोरगी, सांगता ते करून घेऊया. कुडाळला एक खोली भाड्याने घेतली आणि चार दिवस तो माणूस गायला. मध्येच खोकल्याची उबळ यायची, रुमालाला रक्त लागायचं. रुमाल खिशात आणि पुन्हा वीणा हातात.

तिसाव्या चित्राचा शेवटचा शब्द संपला. काकांनी वीणा खाली ठेवली आणि केतकीला जवळ बोलावलं.

"चेडवा, एक सांगतंय. आमच्या घराण्यात कथा सुरू केली की अर्धी सोडूची नसता. लोका उठान गेली तरी उरलेली भिंतीक सांगूची. ह्या तुझ्या यंत्रात ती पुरी येतली मां?"

"येतली, काका. अक्षर न अक्षर येतला," केतकी म्हणाली.

तिने शब्द दिला. मनापासून दिला, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो.

दीड वर्ष काम चाललं. खेळ पुरा झाला. तीसही चित्रं जिवंत झाली, होडी हलू लागली, पाणी खळखळू लागलं. आणि त्याच सुमाराला कंपनीची तिजोरी रिकामी! दोन महिने कुणाचा पगार नाही. एका मुलीने लग्न पुढे ढकललं, एकाने गाडी विकली. एके दुपारी अभिरामने केतकीला खोलीत बोलावलं.

"चोविसाव्या चित्रावर केसर नदीराजाच्या दारात उभी राहते," तो म्हणाला. "तिथे थांबू. उरलेली सहा चित्रं वेगळी विकू."

"पण कथा पूर्ण तयार आहे, अभिराम."

"म्हणूनच. नव्याने काही करायचा खर्च नाही."

ऐकलंत? कात्री इथे चालली!

केतकी भांडली. शब्दाची गोष्ट सांगितली. अभिरामने एवढंच विचारलं की चौदा जणांच्या घरी जाऊन हा शब्द तू सांगशील का.  तुम्ही सांगू शकला असता? मी नसतो सांगू शकलो. ती आपल्या जागेवर येऊन बसली आणि तिने कुलूप घडवलं. मंडळी, चोरीने पोळलेली माणसं ती! कुलूप असं केलं की कुणा चोराच्या बापाला उघडू नये. किल्ली खेळात ठेवलीच नाही. ती कंपनीने भाड्याने घेतलेल्या यंत्रात, दूर कुठेतरी. खेळाने प्रत्येक वेळी इंटरनेटवरून त्या यंत्राला विचारायचं, या माणसाने पैसे भरलेत का? तिकडून हो आलं तरच दार उघडणार. कुलूप फार उत्तम झालं. अभिरामने तिची पाठ थोपटली.

खेळ बाजारात आला आणि वाडीने केतकीला बोलावणं पाठवलं. भिवाकाकांची कथा टीव्हीवर बघायची! अंगण सारवलं, शेजाऱ्यांचा मोठा टीव्ही ओट्यावर आणून ठेवला, म्हाताऱ्याकोताऱ्यांना खुर्च्या मांडल्या. काका मध्यभागी बसलेले. गळ्याला पांढरा रुमाल, रुमालाखाली श्वासाचं भोक. शेजारी त्यांची बायको, शेवंतीकाकी. केतकीला नारळ दिला, शाल दिली. तिच्या मनात खोट नव्हती हो! शेवटच्या भागाचे पैसे तिने कोल्हापुरातच, स्वतःच्या खिशातून भरले होते. काकांना कापाकापी कळूही द्यायची नाही असं तिने ठरवलं होतं.

केतकीने आपला कॉम्प्युटर टीव्हीला जोडला आणि खेळ लागला. काकांचा आवाज अंगणात घुमला आणि माणसं चुळबूळ विसरली. दीड वर्षापूर्वी गेलेला आवाज! शेवंतीकाकींनी पदर डोळ्यांना लावला तो काढलाच नाही. एक चित्र, दुसरं, दहावं, विसावं. केतकी होडी चालवते आहे, काका स्वतःचंच गाणं ऐकत मांडीवर ठेका धरताहेत. चोविसावं चित्र आलं. नदीराजाचं दार. केसर म्हणते, माझा भाऊ दे!

आणि पाटी आली. पुढील कथा ऐकण्यासाठी पैसे भरा.

केतकीने आपलं नाव घातलं, परवलीची खूण घातली. चक्र फिरू लागलं. फिरत राहिलं. वाडीत रेंज नव्हती! पैसे भरलेले, कथा तिथेच त्या डब्यात भरलेली, पण यंत्राला विचारल्याशिवाय दार उघडायचं नाही आणि विचारायला वाट नाही. शहरात बसून कुलूप करणाऱ्या बाईला आपल्याच गावाजवळची वाडी आठवली नव्हती. बालपण त्याच भागात गेलेलं, तरी आठवली नव्हती.

लोक थांबले. मग कुणीतरी विचारलं, ही पाटी काय म्हणता? दुसऱ्याने वाचून दाखवलं. मग एकेक करून सगळे काकांकडे बघू लागले. सवयच ती! पन्नास वर्षं पुढचं चित्र तेच दाखवत आले होते. काका उठले. तोंड उघडलं. रुमालाखालून नुसता वारा आला, सूं सूं करत. दोनदा प्रयत्न केला त्यांनी. मग ते वळले आणि घरात गेले. मागून शेवंतीकाकी गेल्या. केतकी दाराबाहेरून म्हणाली, काका, पुढच्या आठवड्यात येते, शेवट उघडूनच आणते.

पुढच्या आठवड्यात नाही आली. त्याच्या पुढच्याही नाही. का? काम होतं! तुमचं-माझं असतं तेच. आणि खरं सांगू, तिला त्या माणसाच्या समोर जायची लाज वाटत होती. लाजेला माणूस काम हे नाव देतो.

इकडे लोक चिडले. अर्धी कथा विकता म्हणून इंटरनेटवर शिव्यांची लाखोली. शेवटचा भाग मोजक्यांनीच घेतला आणि कंपनी बुडाली ती बुडालीच. केतकी दुसरीकडे नोकरीला लागली. भाड्याच्या यंत्रांचं भाडं थकलं, तेव्हा त्या लोकांनी यंत्रं पुसून दुसऱ्याला दिली. त्यात काय गेलं? कुडाळच्या चार दिवसांचं मूळ ध्वनिमुद्रण गेलं. आणि किल्लीही गेली. पैसे भरलेल्यांसाठीही दार बंद, न भरलेल्यांसाठीही बंद. शेवटच्या सहा चित्रांचा आवाज केतकीच्या कॉम्प्युटरमध्ये होता, पण कुलपाच्या आत.

काका वारल्याचा फोन शेजाऱ्यांच्या लँडलाइनवरून शेवंतीकाकींचा आला. रागाचा एक शब्द नाही. त्या घराची रीत अशी, की कथेकरी गेला की तेराव्या दिवशी त्याची पोथी वाडीसमोर पुरी लावायची आणि मग नदीत सोडायची. काकी एवढंच म्हणाल्या की तेंचो आवाज तुझ्याकडे आसा, तो घेऊन ये.

केतकीने रजा टाकली. सात दिवस ती त्या कुलपाशी झुंजली. जुन्या सोबत्यांना फोन केले, अभिरामला केला. तो फोनवर रडला, पण रडून किल्ली येते का? स्वतः घडवलेलं कुलूप! चोराने हात टेकावेत म्हणून घडवलेलं. आता ती स्वतःच चोरासारखी बाहेर उभी आणि आत एका मेलेल्या माणसाचा आवाज. तेराव्या दिवशी ती रिकाम्या हातांनी वाडीत गेली.

तेच अंगण. मध्ये पोथी ठेवलेली, हळदकुंकू वाहिलेली. चोवीस चित्रांपर्यंत काकांच्या आवाजात कथा लागली. दाराशी आली आणि थांबली. केतकी काकींच्या पायांशी बसली. म्हणाली, उघडत नाही काकी. मीच केलंय ते कुलूप. मग म्हणाली, तुम्ही सांगा ना शेवट, तुम्ही जन्मभर ऐकलाय.

"गोष्ट माका ठावक आसा," शेवंतीकाकी म्हणाल्या. "तेंचो आवाज खयसून हाडू?"

मंडळी, तो आवाज कुठून आणायचा, मला कुणी याचं उत्तर द्या!

मग काकींनी पोथीतली शेवटची सहा चित्रं काढून केतकीच्या हातात दिली. "तू धर. एकेक करून दाखय. बोलूचा काय नाय."

आणि केतकी उभी राहिली. पंचविसावं चित्र धरलं. दार उघडलंय. सव्विसावं. नदीराजा सिंहासनावरून उतरलाय. सत्तावीस, अठ्ठावीस. एकोणतिसावं, भाऊ पाण्यातून वर येतोय. तिसावं, होडीत दोघं बसलीत आणि केसर हसते आहे. गोड शेवट हो! वाडीतलं पोर न पोर त्या शेवटाला टाळ्या पिटायचं. त्या दिवशी एक टाळी वाजली नाही.  मग काकींनी पोथी उचलली आणि सगळे नदीवर गेले.

आता मी तुमच्याकडे येतो म्हणालो होतो, आलो! चोरलेल्या प्रती खेळणारे इथे बसलेत. मान खाली घालू नका, दिसता! त्या कात्रीला धार तुम्ही लावलीत. वर्गात धडा अर्धा शिकवून उरलेला शिकवणीला ठेवणारे मास्तर बसलेत. आणि मी? चार वर्षांपूर्वी एका गावाने ठरल्यापेक्षा बिदागी कमी दिली. कीर्तनाआधीच हातात ठेवली होती. मला राग आला आणि मी आख्यान अर्ध्यात आवरलं, घसा बसलाय म्हणून खोटं सांगितलं. पहिल्या रांगेत एक आजारी म्हातारी होती, लोकांनी खुर्चीवरून उचलून आणलेली. शेवटपर्यंत बघत राहिली माझ्याकडे, अजून काही सांगेन म्हणून. पुढल्या वर्षी गेलो तेव्हा ती खुर्ची नव्हती.

नव्या कामाचे पैसे खुशाल घ्या, ताठ मानेने घ्या! पण जे पुरं झालंय, ज्याचा शब्द गेलाय, ते कापून आपल्यापाशी दडवून ठेवू नका. तुमच्यापाशीही कुणाचं तरी असं अडकलेलं असेल. कुणाला सांगायचं राहिलेलं, कुणाला द्यायचं राहिलेलं. उद्यावर टाकू नका. तो माणूस ऐकायला आहे तोवर जा आणि पुरं करून या.

पेटीवाले, सूर धरा. त्या म्हातारीचं उरलेलं आख्यान मी आता सांगणार आहे. ज्यांना घाई असेल त्यांनी जावं, मी भिंतीला सांगेन.