निपाणीला कोण पडलं?

लोंढ्याच्या फलाटावर शालन मिरजेच्या गाडीची वाट पाहत होती. शेजारचा, डोक्याला पट्टी बांधलेला पैलवान नळावर गेला, तसा त्याचा जोडीदार नागोजी हळूच तिला म्हणाला,

"निपाणीच्या फडात मीच आपटलं ह्याला, आक्का. तवापास्नं गेला हंगामच आठवत न्हाय त्याला."

पैलवान परत येऊन टेकला.

"हं, सांग रं फुडं."

"नंदगडला त्या पंजाब्याला ढाक डावावर चितपट केलंस, रवळूअण्णा."

"पंजाब्याला? थापा मारतोस!"

"देवाशपथ. चिकोडीत तर पाऊण तास झुंजलास. लोकांनी फेटं उडवलं."

"आणि निपाणीला?"

"निपाणीला माझ्यासंगं."

"कोण पडलं?"

नागोजीनं त्याची सैल झालेली पट्टी नीट बसवली.

"मी पडलो, अण्णा."

"लई लागलं न्हाय न्हवं रं तुला?"