शेजारच्या पेटीतला मध

ती: दोरी सोड आधी. यातली एकही पेटी ट्रकवर चढणार नाही.

तो: हे सांगणारी तू कोण? कुंपणाच्या पलीकडे तुझं राज्य, अलीकडे माझं. वकिलासमोर ठरलंय.

ड्रायव्हर: वहिनी, जरा बाजूला व्हा. फळी पडेल पायावर.

ती: वहिनी म्हणू नका मला. कागद झालेत आमचे.

ड्रायव्हर: मग काय म्हणू? जिभेला वळण पडलंय ना इतक्या वर्षांचं.

तो: काहीच म्हणू नकोस. संध्याकाळ झाली, मधमाश्या आत आल्यात, एकेका पेटीचं दार बंद करत चल. आणि तू, तुझं काय ते पटकन बोल. फळबागेत फुलं उमललीत, फळ धरायला माश्या हव्यात. मामा वाट बघतायत.

ती: माझे मामा.

तो: झाडंसुद्धा वाटून झाली, आता माणसंही वाटून घे.

ती: हात पुढे कर. कर म्हणते ना. ही माशी बघ.

तो: मेलेली माशी दाखवायला आलीस?

ती: मेलेली नाही, चालतेय. पंख बघ तिचे.

तो: चुरगळलेत. पाण्यात पडली असेल.

ती: पाण्यात पडलेले पंख वाळले की सरळ होतात. हिचे जन्मापासून असेच आहेत. पोळ्यातल्या घरातून बाहेर आली तेव्हाच पंखांच्या जागी या सुरकुत्या होत्या. आत अळी असताना माश्यांवरचं गोचीड चावलं आणि चावताना त्याने विषाणू सोडला. ही एकदाही उडणार नाही.

तो: झालं तुझं शास्त्र सुरू! लग्नात सात वर्षं ऐकलं, आता फुकटातही ऐकायचं?

ती: तुझ्या पेट्यांसमोरच्या गवतात सापडली. एकटी नव्हती.

तो: तुझीच असेल. तुझ्या पेट्या मेल्या हे सगळ्यांना माहीत आहे. कुंपणाखालून आली असेल सरपटत.

ती: एवढं गवत तुडवत? तुझ्याकडे राहायला? तिला काय वेड लागलंय?

ड्रायव्हर: हॅ हॅ.

तो: हसतोस काय रे? दारं बंद कर. हे बघ, माझ्या पेट्या उचलून बघ म्हणजे कळेल. एकट्याने उचलत नाहीत इतक्या जड आहेत. आजारी पेटीत मध भरतो का? तुझ्या हलक्या फुलासारख्या झाल्या, कारण तू आईकडे जाऊन बसलीस आणि मागे वळून पाहिलं नाहीस.

ती: आईचं ऑपरेशन होतं.

तो: ते मला कुणी सांगितलं? निरोपाचीसुद्धा बंदी होती.

ती: ठीक आहे. माझ्या पेट्यांकडे माझं लक्ष नव्हतं. त्यांत गोचीड वाढलं, त्या मेल्या. माझी चूक, मी भोगतेय, सहाच उरल्यात. आता तुझी सर्वांत जड पेटी दाखव.

तो: कशाला?

ती: साखर लावून बघू. बरणी मी आणलीय, जाळीच्या झाकणाची. पिठीसाखर तुझ्याकडे आहे. फडताळात वरच्या कप्प्यात, निळ्या डब्यात.

तो: डबा बदललाय.

ती: डबा बदलला असेल, साखरेची जागा नाही. आण. आणि पांढरी ताटलीही आण.

ड्रायव्हर: शेठ, आणा ना. मला पण बघायचंय. इतकी वर्षं पेट्या वाहतोय, आत काय असतं ते कुणी दाखवलंच नाही.

तो: तू कुणाच्या बाजूने आहेस?

ड्रायव्हर: मी गाडीच्या बाजूने आहे. तिथले लोक मला ओळखतात. उद्या बागेत काही झालं तर म्हणतील, यानेच आणून सोडलं.

तो: आणतो. पण ताटलीवर गोचीड पडलं नाही, तर तू स्वतःच्या हाताने या पेट्या चढवायच्या.

ती: चढवीन.

*(तो घरात जाऊन येतो.)*

ती: पोळ्याची मधली चौकट उचल. राणी आहे का त्यावर?

तो: मला शिकवू नकोस. राणी पलीकडच्या चौकटीवर आहे, ही काय. ही घे, नुसत्या कामकरी माश्या. झटकू?

ती: झटक. हळू. बास. आता साखर. आता बरणी आडवी धरून फिरवायची, सगळ्या माखल्या पाहिजेत.

ड्रायव्हर: मरत नाहीत?

ती: नाही. घरी गेल्या की बाकीच्या चाटून काढतात. गोचिडाचे पाय मात्र साखरेने सुटतात. थोडं थांबायचं.

तो: थांबू. काय बोलायचं तोवर? हवापाणी?

ती: तोवर हे सांग. मी नसताना माझ्या पेट्यांपाशी गर्दी पाहिली होतीस तू?

तो: कसली गर्दी?

ती: माश्यांची. दारात मारामारी, आत जाणाऱ्या हलक्या, बाहेर पडणाऱ्या जड, आणि सगळ्या कुंपण ओलांडून इकडे येणाऱ्या.

तो: माझं लक्ष नव्हतं.

ड्रायव्हर: असं कसं शेठ? मी रिकाम्या पेट्या घेऊन आलो होतो त्या दिवशी. तुम्ही खुर्ची टाकून बसला होता. मला म्हणालात, ये, चहा घे आणि गंमत बघ. तिच्याकडचा मध स्वतःच्या पायांनी आपल्याकडे चालत येतोय.

तो: तुला गाडी चालवायचे पैसे मिळतात ना? तोंड चालवायचे नाही.

ती: खुर्ची टाकून?

तो: मग काय करायचं होतं मी? 'त्याने माझ्या पेट्यांना हात लावायचा नाही.' कुणी लिहून घेतलं हे? तूच ना? मी हात लावला नाही. करार पाळला.

ती: दारात एक फळीचा तुकडा लावायचा होता. बस्स. मरणाऱ्या पेटीचं दार अरुंद करायचं, हे नवशिकासुद्धा करतो. तिच्यात राखण करायला माश्याच उरलेल्या नसतात.

तो: तुकडा लावला असता तर नोटीस पाठवली असतीस.

ती: पाठवली असती.

तो: बघ.

ती: पाठवली असती, आणि तुझ्या माश्या वाचल्या असत्या. आता ताटली धर. बरणी उलटी करते.

ड्रायव्हर: साखरच पडतेय नुसती.

ती: त्यावर पाण्याचे थेंब टाका. साखर विरघळली की दिसेल.

ड्रायव्हर: हे तांबडे काय? तिळाएवढे. अरे, हलतायत हे. शेठ, पाय आहेत यांना.

तो: किती आहेत?

ती: मोजायची गरज वाटते तुला?

तो: ही एकच पेटी असेल.

ती: दुसरी उघड. तू निवड.

तो: ती कोपऱ्यातली. ती मी फार जपलीय. ... राणी नाही यावर. झटकतो. दे, बरणी मी फिरवतो.

ती: फिरव.

तो: या पेटीतही आहेत. हिच्यात तर जास्त आहेत.

ती: हे नुसते अंगावरचे. यांहून किती तरी जास्त बंद घरांत अळ्यांवर बसलेत, ते साखरेने पडत नाहीत. तुझ्या माश्या मध लुटायला माझ्याकडे गेल्या आणि गोचीड पाठीवर बसवून आणलं. पेटी जड झाली म्हणून तू खूष होतास. तो मध माझा आहे, आणि त्याच्याबरोबर आलेलं हेही माझंच.

तो: इथेच आम्लाच्या पट्ट्या लावून ट्रकवर चढवतो. बागेत पोचेपर्यंत औषध लागू पडेल.

ती: दारं बंद करून? त्या आम्लाच्या वाफा बाहेर कुठून पडणार? सकाळी मेलेल्या माश्यांचे खोके उतरवशील.

तो: आणि नेल्याच नाहीत तर मामांच्या झाडांना फळ धरणार नाही. त्याचं काय? त्यांच्या एकट्याच्या पेट्या पुरतात का एवढ्या बागेला? मला आनंद होतोय का हे करताना?

ती: मामांचं एका हंगामाचं फळ कमी येईल. या नेल्या तर गोचीड लागून त्यांच्या पेट्याच जातील. दुसरीकडून मिळतील का माश्या, ते मी बघते. मामांना मी सांगते.

तो: नाही. मी सांगतो. पेट्या मी देणार होतो, शब्द माझा होता. सांगतो की दार अरुंद करायचं राहून गेलं.

ती: राहून गेलं नव्हतं.

तो: ...बरं. केलं नाही, असं सांगतो. झालं समाधान?

ती: नाही.

ड्रायव्हर: मग मी दोऱ्या सोडू ना शेठ? चढवलेल्या दोन उतरवायच्या?

तो: उतरव. हळू. आणि दारं उघड परत, उकडेल त्यांना. ए, तू निघालीस कुठे? पट्ट्या आहेत माझ्याकडे, मी लावून घेईन. तुझं काम संपलं.

ती: एकट्याने लावून उपयोग नाही. तू आज लावल्यास आणि मी पुढच्या आठवड्यात, तर माझं गोचीड तुझ्याकडे येणार, तुझं माझ्याकडे. कुंपण आपल्याला आहे, त्यांना नाही.

तो: म्हणजे?

ती: म्हणजे दोन्हीकडे एकाच दिवशी. सगळ्या पेट्या.

तो: सह्या करायलासुद्धा आपण एका दिवशी आलो नव्हतो.

ती: माहीत आहे. उद्या सकाळी, ऊन चढायच्या आत. मी माझ्या बाजूला उभी असेन. तू येईपर्यंत सुरू करणार नाही.