गच्चीची हरकत

लातुरात एक्साईजच्या कचेरीबाहेर लिंबाजी आपल्या कागदाची वाट बघत बाकावर बसले होते. शेजारी बारवाला श्रीशैल आणि त्याच्या गल्लीतली बसम्मा येऊन टेकले, आणि लिंबाजींनी पेपरचं पान उलटायचं सोडून दिलं.

"मावशी, गच्चीवर डान्स फ्लोअर करायला हरकत तूच घेतलीस?"

"पहिला अंगठा माझाच हाय."

"रात्री अकराला बंद करतो म्हणलं की."

"खालचा बार बी अकराचाच हाय. तुझी सगळी गाणी पाठ झाल्यात मला."

"म्हणजे आवडत्यात."

"दोन आवडत्यात. ती तू शेवटाला लावतोस. तवर जागावं लागतं."

"स्पीकरचं तोंड मोंढ्याच्या बाजाराकडं करतो. तिथं रात्री कोण असतंय?"

"आन् उन्हाळ्यात मी पापड कुठं वाळवू?"

"पापडाचा काय संबंध?"

"धा वर्सं तुझ्याच गच्चीवर वाळवतीय. गिऱ्हाइकाला चखण्याला देतोस ते पापड कुणाचे?"

श्रीशैलनं आवाज बारीक केला.

"हे बी अर्जात लिहिलंस का?"

"न्हाई. आवाजाचंच लिहिलं. तुझी इज्जत राखली."

दारातून शिपायानं विचारलं, "हरकत कुणाची हाय?"

"माझी."

"आणि अर्जदार?"

"ह्यो काय. ह्याच्याच गाडीवर बसून आले."

शिपायानं दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. बसम्मा गुडघ्यावर हात ठेवून उठली.

"निकाल काय बी लागू दे श्रीशैल, मला घरी सोडूनच जायचं."

"सोडतो की. वाटेत उडदाची डाळ घ्यायचीय का, तेवढं सांग."