तुमच्या घरात आम्ही

—नाही हो मावशी, दारात कसल्या उभ्या राहता, आत या, तुमचंच घर आहे—म्हणजे बोलायची पद्धत म्हणून नाही म्हणत, खरंच तुमचं आहे, कागदावर तुमचंच नाव आहे, आम्ही आपले राहणारे. बसा. तिथं नको, ती खुर्ची डुगडुगते, इथं बसा खिडकीपाशी. गृहनिर्माण मंडळाच्या बाईंचा फोन आला होता, मालकीणबाई एकदा घर बघून जाणार आहेत म्हणून—मी म्हटलं, येऊ देत की, हक्क आहे त्यांचा. सकाळपासून पुसतेय सगळं. माझी सासू यायची तेव्हासुद्धा एवढं पुसलं नव्हतं कधी. चहा ठेवलाय. साखर? नको? बरं, बिनसाखरेचा.

तुम्ही मला ओळखलं नसेल, मी ओळखते तुम्हाला. कुठून म्हणजे—त्या सुनावणीत. बंद घरांचा कायदा आणायचा होता ना, त्याची सुनावणी. तुम्ही पुढं घरमालकांच्या रांगेत, मी मागं भिंतीला टेकून, लेक कडेवर. ते साहेब वाचून दाखवत होते—जे घर वर्षानुवर्षं कुलपात आहे, मालक स्वतः राहत नाही आणि भाड्यानंही देत नाही, ते मंडळ ताब्यात घेणार, डागडुजी करणार आणि ज्यांना बाजारातलं भाडं झेपत नाही त्यांना कमाईच्या मानानं राहायला देणार. मालकी मालकाचीच, भाडंही त्यालाच, फक्त कुलूप काढायचं. आम्ही टाळ्या वाजवल्या. का नाही वाजवणार? तेव्हा आम्ही कुठं राहत होतो माहितेय? एका दुकानाच्या मागं, जिन्याखालच्या खोलीत. छत उतरतं. नवरा ताठ उभा राहायचा तो फक्त दारापाशी, बाकी सगळा संसार वाकून. वर कुणी चढलं-उतरलं की आपल्या डोक्यावरूनच चाललंय असं वाटायचं. लेक तिथंच चालायला शिकली—आणि मावशी, पोर वाकून चालायची हो! छत तिच्यापासून कितीतरी वर, तरी वाकून. मी घाबरले, डॉक्टरांकडं नेलं, ते म्हणाले, पाठ ठणठणीत आहे, ती तुमच्याकडं बघून शिकलीय. आता सांगा, टाळ्या नको वाजवू?

आणि तेव्हा तुम्ही उठलात. माईक हातात येईपर्यंतही थांबला नाहीत. म्हणालात, "माझं घर रिकामं नाही. माझा मुलगा परत येणार आहे." एवढंच बोलून बसलात. आमच्यातलं कुणीतरी ओरडलं, "येईल तेव्हा येईल, आमची पोरं आज कुठं झोपवू?" सगळे हसले. मी हसले नाही असं म्हणायला आवडलं असतं मला. पण हसले. आणि नशीब बघा, कायदा झाला, आमचा नंबर लागला आणि घर मिळालं ते नेमकं तुमचंच. नवरा टेम्पो चालवतो, लोकांची घरं हलवतो—एवढी वर्षं दुसऱ्यांची कपाटं जिने चढवली, त्या दिवशी पहिल्यांदा स्वतःचं सामान चढवलं. एका खेपेत सगळं आलं. अर्धा टेम्पो रिकामा.

चांगलं घर आहे हो, तक्रार नाही. मंडळानं तुमचं सामान आधीच गुदामात नेलं होतं, भिंती रंगवल्या होत्या, कुलूप नवं. पण—तुम्हाला म्हणून सांगते, नवऱ्याला सांगितलं तर तो हसतो—तुम्ही सुनावणीत खरं तेच बोलला होतात. घर रिकामं नव्हतं. आम्ही आलो आणि आपोआप हळू बोलायला लागलो. कुणी सांगितलं नाही कुणाला. नवरा नळसुद्धा हलक्या हातानं सोडायचा. मी इस्पितळाच्या धुलाईखान्यात काम करते, दिवसभर मशिनांचा धडधडाट, घरी आले की मोठ्यानं बोलायची सवय माझी—तीही गेली. एके दिवशी लेक विचारते, "आई, आतमध्ये कोण झोपलंय?" मी म्हटलं, कुणी नाही गं. तर म्हणते, "मग आपण कुजबुजतो का?" आतल्या खोलीत दारामागं खुंटी आहे, तिच्यावर एक रेनकोट राहून गेला होता, पिवळा, कॉलेजातल्या मुलीच्या मापाचा. खोक्यात घालायचा राहिला असेल. मी धुऊन घडी घालून ठेवलाय कपाटात. आणू? नको? बरं, नको. त्या खुंटीला आम्ही काही अडकवत नाही. असंच. कुणी ठरवलं नाही. शेजारच्या काकूंनी सांगितलं मग—तुमची धाकटी गेली ते. स्कूटर घसरली, भाऊ चालवत होता, तो वाचला आणि नंतर घर सोडून गेला. तुम्ही बहिणीकडं राहायला गेलात, घर त्याच्यासाठी जसंच्या तसं ठेवून. एवढंच त्यांना माहीत होतं.

चहा गार होतोय. घ्या ना.

आणि मग ती किल्ली. ही गंमत ऐकाच. संध्याकाळी मी कणीक मळत असायचे, लेक अभ्यासाला बसलेली आणि दाराच्या कुलपात कुणीतरी किल्ली घालतंय असा आवाज यायचा. नवरा आला म्हणावं, तर तो घंटी वाजवतो. किल्ली खरवडायची, आत जायची नाही, मग जिन्यावरून पावलं खाली. दार उघडावं तर कुणी नाही. चार-आठ दिवस गेले की पुन्हा. माझ्या अंगावर काटा यायचा. नवऱ्याला म्हटलं, इथं काहीतरी आहे. तो म्हणाला, "असू दे. जिन्याखाली पाठ मोडून राहण्यापेक्षा भुताबरोबर ताठ उभं राहिलेलं परवडलं." बोलायला काय जातंय, तो त्या वेळी घरात नसायचा! मी मात्र दिवेलागणीला पोरीला मांडीवर घेऊन बसायचे, तिचे कान झाकून. मला वाटायचं तुमची धाकटीच आहे, रेनकोट न्यायला आलीय.

मग? मग काही नाही. थांबलं ते. घर बघता का आता? स्वयंपाकघर आधी दाखवते. हो, ती खिडकी आता उघडते, उघडा तुम्ही—पूर्वी अडकायची ना, त्यानं नीट केली. लहानपणापासून तशीच होती म्हणे, खालून उचलून मग ढकलायला लागायची—

त्यानं म्हणजे सुतारानं. बोलावला होता एक सुतार.

असं काय बघता मावशी.

हो. बरोबर आहे तुमचं. सुताराला लहानपणचं कुठून माहीत असणार.

कप ठेवा खाली. बसा. बसा म्हणते ना, आता उठून काय होणार आहे, ऐका. मी शब्द दिला होता त्याला—गेला तो शब्द चुलीत, ही जीभ कधी माझी नव्हतीच. आहे तो. जिवंत आहे, धडधाकट आहे. एका संध्याकाळी मी ठरवलं, भूत तर भूत, तोंड तरी बघू. किल्ली खरवडल्याबरोबर साखळी लावून दार उघडलं. समोर माणूस. दाढी वाढलेली, केस पांढरे व्हायला लागलेले, किल्ली हातात, तिचा दोरा गळ्यात. मला म्हणाला, "माफ करा, मजला चुकला." आणि नजर माझ्या खांद्यावरून सरळ आतल्या खोलीच्या दाराकडं. मजला चुकलेला माणूस असा बघत नाही. मी म्हटलं, "किल्ली कुठली तुमच्याकडं?" त्यानं किल्ली मुठीत लपवली. मग म्हणाला, "इथल्या बाई... कधी गेल्या?"

त्याला वाटलं होतं तुम्ही वारलात, मावशी. दारावर परकी पाटी, खिडकीत परके पडदे, काय वाटणार दुसरं? त्याला कायदा-बियदा काही ठाऊक नाही. म्हणाला, "आई असती तर तिनं हे घर कुणाला दिलं नसतं." मी म्हटलं, "आहेत हो! बहिणीकडं आहेत, चांगल्या हिंडत्या-फिरत्या आहेत." तर तो तिथंच उंबऱ्यावर बसला. मी साखळी काढली. पाणी दिलं.

इथंच आहे तो, याच शहरात. आधीपासून. घाऊक बाजाराच्या मागं जुनी वखार आहे, तिथं खाटा भाड्यानं मिळतात. खोली नाही, नुसती खाट. रात्री एकाची, दिवसा दुसऱ्याची. एक उठला की गादी गार व्हायच्या आत दुसरा आडवा. हा बाजारात रात्री माल उतरवतो आणि दिवसा झोपतो. तुम्ही इकडं त्याच्यासाठी अख्खं घर कुलूप लावून ठेवलेलं आणि तो तिकडं घराची किल्ली गळ्यात घालून दुसऱ्याच्या घामाच्या गादीवर! मी विचारलंच त्याला, अरे, यायचं ना मग घरात, किल्ली तर होती. तर म्हणाला, यायचो. घर बंद होतं तेव्हाही कामावर जाताना यायचो, किल्ली घालायचो, फिरवायचो नाही. नुसती आत जातेय ना ते बघायचो आणि परत. मी म्हटलं, का पण? तेव्हा त्यानं ते सांगितलं—तुम्ही त्याला म्हणाला होतात ते. त्याला इस्पितळातून घरी आणलं त्या दिवशी.

ते मी उच्चारणार नाही. तुम्हाला माहीत आहे काय ते. शेजारीपाजारी कुणाला माहीत नाही, त्यानं कुणाला सांगितलेलं नाही. मला म्हणाला, "आईची चूक नव्हती. दोघांतलं एकच मूल तिला उरायचं होतं आणि उरलो मी." आतल्या घरात ते वाक्य अजून तसंच उभं असेल, दार उघडलं की पुन्हा ऐकू येईल, असं वाटायचं म्हणे त्याला. रडा मावशी, रडा, पण ऐका, मी आता थांबले तर पुन्हा बोलायची नाही.

त्यानं खिडकी नीट करून दिली. मी नको म्हणत होते. लेक आतून आली, त्यानं विचारलं, "ही झोपते कुठं?" मी म्हटलं, आतल्या खोलीत. म्हणाला, "खिडकीपाशी नका झोपवू, तिला लगेच सर्दी व्हायची—" मग मी सांगितलं त्याला, कायद्यात सोय आहे म्हणून. मालकाच्या मुलाच्या डोक्यावर छप्पर नसेल तर घर परत मिळतं, राहणाऱ्यांनी पुन्हा रांगेत जायचं. मंडळाच्या बाईंनी पहिल्याच दिवशी वाचून दाखवलं होतं, मी मान डोलावली होती—कुठला येतोय मुलगा! सांगायचं नव्हतं मला, पण सांगितलं. तो म्हणाला, "राहा तुम्ही. खालून दिवा दिसतो, तेवढं पुरे. आणि आईला सांगू नका." गेला. त्यानंतर किल्लीचा आवाज नाही. आणि खरं सांगू, आता तो आवाज येत नाही म्हणून मला जास्त भीती वाटते. संध्याकाळी कान तिकडंच. तव्यावर पोळ्या करपतात माझ्या.

तुम्ही आई आहात, तुम्ही त्याला घरी आणणार. मला कळतंय ते. मी असते तर मीही आणला असता, पहिल्या टेम्पोत घालून.

उठा आता. आत्ता झोपलेला असेल, संध्याकाळी उठून कामावर जाईल, मग सापडायचा नाही. कोपऱ्यावरून बाजाराची बस मिळते, शेवटच्या थांब्यावर उतरा आणि वखार कुणालाही विचारा. जिना लोखंडी आहे, धरून चढा. भिंतीकडं तोंड करून झोपतो म्हणाला होता. उठवायला धीर नाही झाला तर नुसत्या बसा जवळ, पण जे बोलायचं ते आज बोला, त्या दिवशीचं ते वाक्य इतकी वर्षं एकटंच बोलतंय. घराचं नंतर बघू. नाही, आत्ता नका विचारू, माझे हात धरू नका, मी काही देवी लागून गेले नाही—आणखी थोडा वेळ थांबलात तर माझं मन फिरेल, मी म्हणेन सगळं खोटं होतं, सुतारच होता तो. लेक शाळेतून येईल, तिला बघितलंत तर तुमचाही पाय निघायचा नाही. जा. अहो मावशी, चपला उलट्या घातल्यात—असू द्या, तशाच जा. जा म्हणते ना.